सायलेंट इन्स्टॉल: रात्री लावलेला सेटअप सकाळपर्यंत का अडकून राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत विंडोज १० आणि ११ चे मिळून ४५ संगणक आहेत. सत्र सुरू होण्याआधी सगळ्यांवर सात सॉफ्टवेअर बसवायची आहेत: सेव्हन-झिप, नोटपॅड++, गिट, पायथन, व्हीएस कोड, आर्डुइनो आयडीईची १.८ मालिका आणि एका विक्रेत्याचा बायोमेट्रिक हजेरीचा क्लायंट. ते सायलेंट, म्हणजे एकही प्रश्न न विचारता, बसावं म्हणून बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी) लिहिली, प्रत्येक सेटअपपुढे /एस हा स्विच, म्हणजे कमांडला जोडायची सूचना, लावला आणि टास्क शेड्युलरमधून रात्री दहाला सिस्टिम खात्याखाली (विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली) चालवली. सकाळी पाहिलं तर पहिली दोन बसलेली, तिसऱ्यावर गाडी अडलेली. पडद्यावर एकही खिडकी नाही, पण टास्क मॅनेजरमध्ये सेटअप चालूच आहे. तेच सेटअप हाताने चालवले की मात्र सगळे नीट बसतात. दुसऱ्या प्रयोगशाळेत उबुंटू आहे, तिथेही मध्येच प्रश्न येतात. काय चुकतंय?

आधी एक सांगते. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा. जिथे मोठं-लहान अक्षर महत्त्वाचं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

चूक तुमच्या बॅच फाइलच्या तिसऱ्या ओळीत आहे. /एस हा विंडोजचा नियम नाही, तो ज्या त्या इन्स्टॉलरने स्वतःपुरता ठरवलेला असतो. सेव्हन-झिप आणि नोटपॅड++ च्या सेटअपला तो कळतो. गिटचा सेटअप इनो सेटअप या साधनाने बांधलेला आहे आणि इनोला /एस ठाऊक नाही. अनोळखी स्विच दिसला की इनो तक्रार करत नाही, तो सोडून देतो आणि नेहमीसारखा पूर्ण विझार्ड उघडून ‘नेक्स्ट’ दाबण्याची वाट पाहत बसतो.

मग तो विझार्ड दिसला का नाही? विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) आणि सिस्टिम खात्याखालची शेड्यूल केलेली कामं सेशन शून्यमध्ये चालतात, आणि लॉगिन केलेला माणूस सेशन एक किंवा त्यापुढच्या सेशनमध्ये असतो. दोघांचे डेस्कटॉप वेगळे. गिटचा विझार्ड रात्री दहा वाजता खरोखरच उघडला होता, फक्त ज्या खोलीत उघडला त्या खोलीला दारच नव्हतं. पूर्वी अशा वेळी विंडोज निदान ‘एका सर्व्हिसला काहीतरी विचारायचं आहे’ अशी सूचना द्यायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तीही सोय काढून टाकली. त्यामुळे आता तिथे उघडलेली खिडकी कोणालाच दिसत नाही, आणि संगणक बंद करेपर्यंत सेटअप तसाच ताटकळतो.

म्हणून पहिलं काम: एका संगणकावर बसून तीच बॅच फाइल सिस्टिम खात्याखाली, पण स्वतःच्या डोळ्यांसमोर चालवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं पीएसएक्झेक त्यासाठीच आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएसएक्झेक -एस -आय सीएमडी’ दिलं की सिस्टिम खात्याचा काळा प्रॉम्प्ट तुमच्याच पडद्यावर उघडतो. तिथून बॅच फाइल चालवली की रात्री ज्या खिडक्या अंधारात उघडत होत्या त्या सगळ्या समोर येतात. प्रत्येक खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं काम त्या फोटोंवरून होतं.

मी गेली १७ वर्षं एका सहकारी संस्थेच्या शाखांमधले संगणक सांभाळते. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी त्या फोटोंबद्दल एकच प्रश्न विचारते: ही खिडकी कोण उघडतंय? लोक सरसकट ‘पॉप-अप बंद कसा करायचा’ असं विचारतात, पण खिडकी म्हणजे कोणीतरी विचारलेला प्रश्न असतो. कधी इन्स्टॉलर विचारतो की कुठे बसू, कधी विंडोज विचारतं की ही फाइल इंटरनेटवरून आली आहे, चालवू का, कधी ड्रायव्हरच्या प्रकाशकावर विश्वास आहे का असं विचारलं जातं, तर कधी रीस्टार्ट करू का असं. विचारणारा वेगळा की उत्तर देण्याची जागाही वेगळी. इन्स्टॉलरला दिलेला स्विच विंडोजच्या प्रश्नाला लागू पडत नाही, आणि निम्मी माणसं इथेच अडकतात: सेटअपला सगळे स्विच देऊन झालेले असतात आणि खिडकी उघडत असते विंडोज.

इन्स्टॉलरपासून सुरुवात करू. तो कोणत्या घराण्यातला आहे हे कळलं की निम्मं काम झालं. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे सेटअपपुढे ‘/?’ लावून चालवून बघणं. इनो त्याला ओळखतो आणि आपल्या सगळ्या स्विचची यादी दाखवतो. ज्या फाइलीला काहीच कळत नाही ती सेव्हन-झिपमध्ये उघडून बघा. आत ‘प्लगइन्सडिर’ नावाचा फोल्डर दिसला तर तो एनएसआयएस, म्हणजे नलसॉफ्टच्या इन्स्टॉलर बांधण्याच्या साधनाने केलेला. त्याहून सोपी वाट विंगेटची, म्हणजे कमांडवरून सॉफ्टवेअर बसवण्याच्या विंडोजच्या साधनाची. ‘विंगेट शो’ आणि पॅकेजचं नाव दिलं की माहितीत इन्स्टॉलरचा प्रकारही छापून येतो: इनो, नलसॉफ्ट, विक्स, बर्न. इन्स्टॉल विंगेटने करायचं नसलं तरी ओळख पटवायला मी ते रोज वापरते.

एमएसआय फाइल, म्हणजे विंडोज इन्स्टॉलर या विंडोजच्याच यंत्रणेचं पॅकेज, असेल तर नशीब चांगलं समजा. विंडोज इन्स्टॉलर ऑफिस २००० सोबत १९९९ मध्ये आला आणि मुकाट बसण्याची सोय त्यात मुळापासून आहे. ओळ अशी: एमएसआयएक्झेक /आय फाइल.एमएसआय /क्यूएन /नोरीस्टार्ट /एल*व्ही सी:\लॉग\फाइल.लॉग. /क्यूएन म्हणजे एकही खिडकी नको, /एल*व्ही म्हणजे सविस्तर लॉग, कामाची नोंद, पुढच्या फाइलीत ठेव. /क्यूबी दिलं तर फक्त प्रगतीची पट्टी दिसते, समोर बसून चाचणी घेताना ती बरी. लॉगचा फोल्डर आधी तयार करून ठेवा. एमएसआयएक्झेक तो स्वतः बनवत नाही, १६२२ हा कोड देऊन मोकळा होतो आणि आपण उगाच सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो.

/क्यूएनमागची एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘हाताने बसतं, सायलेंट बसत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. एमएसआयच्या आत कामाच्या दोन याद्या असतात. एक खिडक्या दाखवण्याची, दुसरी खरोखर फाइली टाकण्याची. /क्यूएन दिलं की पहिली यादी पूर्णपणे वगळली जाते. ज्याने पॅकेज बनवलं त्याने एखादं महत्त्वाचं काम, समजा सर्व्हरचा पत्ता वाचून ठेवणं, फक्त पहिल्या यादीत टाकलं असेल तर सायलेंटमध्ये ते होतच नाही. सॉफ्टवेअर बसतं, चालत मात्र नाही.

उपाय असा. विझार्डमध्ये तुम्ही जी उत्तरं देता ती प्रॉपर्टी नावाच्या जागांत भरली जातात, आणि बाहेरून देता येणाऱ्या प्रॉपर्टींची नावं सगळी मोठ्या अक्षरांत असतात. एका संगणकावर तोच एमएसआय /एल*व्ही लावून हाताने बसवा, विझार्डमध्ये खरी उत्तरं भरा आणि नंतर लॉगच्या शेवटी जा. तिथे ‘प्रॉपर्टी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींची लांबलचक रांग असते. तुम्ही टाइप केलेला सर्व्हरचा पत्ता त्या रांगेत शोधा. त्याच्या डावीकडे जे मोठ्या अक्षरांतलं नाव दिसेल तेच कमांडच्या शेवटी बरोबरच्या चिन्हासह लिहायचं. विक्रेता कागदपत्रं देत नाही अशी कुरकुर मी खूप ऐकते. एमएसआयच्या बाबतीत लॉगच बहुतेक वेळा कागदपत्राचं काम करतो.

आता इनो सेटअप, तुमच्या यादीतला गिट आणि व्हीएस कोड. इथे /सायलेंट दिलं तर विझार्ड जातो पण पट्टी राहते, /व्हेरीसायलेंट दिलं तर पट्टीही जाते. त्यासोबत /सप्रेसएमएसजीबॉक्सेस द्या, म्हणजे मधल्या संदेशांना इनो ठरलेलं उत्तर स्वतः देतो. काही जुन्या पॅकेजमध्ये सुरुवातीलाच ‘हे बसवायचं का?’ असा प्रश्न असतो, तो /एसपी- ने बंद होतो. शेवटचं वजाचं चिन्ह त्या स्विचचाच भाग आहे, ते गाळू नका.

आणि /नोरीस्टार्ट. हा स्विच मी अद्दल घडल्यानंतर शिकले. /सायलेंटमध्ये रीस्टार्ट हवा असेल तर इनो निदान विचारतो. /व्हेरीसायलेंटमध्ये तो न विचारता संगणक रीस्टार्ट करतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाखेत दुपारी सव्वाबाराला एक छोटं अपडेट /व्हेरीसायलेंटने पाठवलं. फाइल लहान होती, कोणाला कळणारही नाही असं वाटलं. काउंटरवरचा संगणक बंद होऊन परत सुरू झाला. समोर एक आजोबा मुदतठेवीची पावती घेऊन उभे होते आणि नोंद अर्धवट राहिली. ती नोंद दुरुस्त करून घ्यायला आमच्या रोखपाल ताईंना संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबावं लागलं. इनोने जे करायला हवं तेच केलं होतं, उत्तर मी दिलं नव्हतं. तेव्हापासून /नोरीस्टार्ट नसलेली ओळ आमच्याकडे पुढे जात नाही.

व्हीएस कोडमध्ये दोन गोष्टी सांभाळा. त्याचे दोन इन्स्टॉलर मिळतात, यूझर आणि सिस्टिम. प्रयोगशाळेसाठी सिस्टिम वाला घ्या. यूझर वाला ज्याने चालवला त्याच्याच प्रोफाइलमध्ये बसतो, आणि सिस्टिम खात्याने चालवला तर सी:\विंडोजच्या पोटात सिस्टिमप्रोफाइल नावाचा फोल्डर आहे, तिकडे जाऊन बसतो. मुलांना तो कधीच दिसणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काम संपल्यावर व्हीएस कोड स्वतःहून उघडतो. ते थांबवण्यासाठी /मर्जटास्क्स=!रनकोड असं द्यायचं. उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे काम नको’. इनोमध्ये हीच पद्धत सगळीकडे चालते. कोणती कामं उपलब्ध आहेत हे बघायचं असेल तर एकदा हाताने बसवताना /सेव्हआयएनएफ आणि एका फाइलीचं नाव द्या. तुम्ही निवडलेलं सगळं त्या फाइलीत उतरतं, आणि बाकीच्या ४४ संगणकांवर तीच फाइल /लोडआयएनएफने वाचून घेता येते.

पायथनचा नेहमीचा एक्सई इन्स्टॉलर बर्न घराण्यातला आहे. त्याला /क्वाएट, पुढे इन्स्टॉलऑलयूझर्स=१ आणि प्रीपेंडपाथ=१. पहिलं विसरलात तर व्हीएस कोडसारखीच गत, तो एकाच खात्यात बसतो. दुसरं विसरलात तर मुलं पहिल्या तासाला ‘पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणत हात वर करतील.

एनएसआयएसबद्दल थोडक्यात. एस मोठाच हवा, लहान एस चालत नाही. बसवण्याची जागा /डी= ने सांगायची, ती ओळीत सगळ्यात शेवटी आली पाहिजे, आणि नावात मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्ह लावायचं नाही. बाकी सगळीकडे आपण अवतरणचिन्ह लावतो, म्हणून इथे हात सवयीने चुकतो.

एनएसआयएसमध्ये खरी गोम संदेशांची आहे. पॅकेज लिहिणाऱ्याने प्रत्येक संदेशाला ‘सायलेंट असेल तर हे उत्तर धर’ असं वेगळं लिहावं लागतं. त्याने ते लिहिलं नसेल तर /एस देऊनही तो संदेश उघडतोच. बाहेरून त्याला उपाय नाही. तुमच्या बायोमेट्रिक क्लायंटची मला इथेच शंका येते. आमच्याकडे अशाच एका उपकरणाच्या क्लायंटने २२ संगणकांवर रात्रभर वाट पाहिली होती. पीएसएक्झेकने समोर आणल्यावर दिसलं की खिडकीत एकच वाक्य होतं, ‘उपकरण जोडलेलं नाही’, आणि खाली एकच बटण, ओके. उपकरण रात्री कपाटात होतं. उपकरण जोडून सेटअप चालवला की ती खिडकी येत नव्हती, म्हणून आम्ही एकच उपकरण घेऊन संगणकामागून संगणक फिरलो आणि दुपारपर्यंत काम उरकलं. स्विच शोधण्यात त्याआधी आमचे दोन दिवस गेले होते. संदेश वाचणं हाच कधीकधी सगळ्यात जवळचा रस्ता असतो.

इन्स्टॉलशिल्डचं जुनं पॅकेज असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. सेटअप /आर लावून एकदा हाताने चालवला की तुमची सगळी उत्तरं सेटअप.आयएसएस नावाच्या फाइलीत नोंदली जातात, बहुधा विंडोजच्या फोल्डरमध्ये. मग दुसरीकडे /एस आणि /एफ१ सोबत त्या फाइलीचा पूर्ण मार्ग. आत एमएसआय असलेल्या इन्स्टॉलशिल्डला /एस /व्ही"/क्यूएन" असं देतात, आणि /व्ही व अवतरणचिन्ह यांच्यात मोकळी जागा सोडायची नाही.

कुठल्याच घराण्यात न बसणारं पॅकेज असलं की लोक ऑटोइटसारख्या साधनाने बटणं दाबायची स्क्रिप्ट लिहितात. मी ते अगदी नाइलाज झाल्यावरच करते. त्याला लॉगिन केलेला आणि न कुलूपलेला डेस्कटॉप लागतो, मध्येच दुसरी खिडकी पुढे आली की भलतंच बटण दाबलं जातं, आणि पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

आता विंडोजच्या स्वतःच्या खिडक्या.

ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, झोन.आयडेंटिफायर नावाची. त्यात झोन ३, म्हणजे इंटरनेट, असं लिहिलेलं असतं. फाइल चालवताना ही चिठ्ठी वाचून ‘सिक्युरिटी वॉर्निंग’ची खिडकी येऊ शकते. सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमधून थेट चालवलं तरी ती येऊ शकते. फाइल खरी आहे याची खात्री करून घ्या, म्हणजे मूळ संकेतस्थळावरून उतरवा आणि गुणधर्मांमध्ये डिजिटल सही तपासा. मग पॉवरशेलच्या (विंडोजच्या नव्या कमांड प्रॉम्प्टच्या) अनब्लॉक-फाइल या कमांडने चिठ्ठी काढा. सेटअप आधी संगणकावर कॉपी करून तिथूनच चालवला तर आणखी एक कटकट वाचते: झेड: वगैरे जोडलेली ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरती असते, सिस्टिम खात्याला ती दिसत नाही. बॅच फाइलमध्ये झेड: असेल तर ती रात्री चालणारच नाही.

यूएसी, म्हणजे पडदा अंधारवून ‘बदल करू द्यायचे का’ विचारणारी खिडकी, सिस्टिम खात्याला विचारतच नाही, त्यामुळे तुमच्या पद्धतीत तो प्रश्न नाही. पण कोणी साध्या लॉगिनमधून /क्यूएन चालवलं तर यूएसीसुद्धा येत नाही आणि इन्स्टॉल गुपचूप अपयशी होतं. अशा वेळी यूएसी बंद करा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. कृपया तो मानू नका. ४५ संगणक, रोज पेनड्राइव्ह लावणारी मुलं, आणि यूएसी बंद, हे मला बघवत नाही. कमांड प्रॉम्प्ट आधीच ॲडमिन म्हणून उघडला की काम होतं.

ड्रायव्हरचा प्रश्न तुम्हाला आर्डुइनोमध्ये भेटेल. १.८ मालिकेच्या सेटअपसोबत बोर्डांचे यूएसबी ड्रायव्हर येतात. सेटअपला मोठा /एस कळतो, तरीही ‘हे डिव्हाइस सॉफ्टवेअर बसवायचं का’ अशा खिडक्या एकामागून एक येतात. त्या विंडोज उघडतं, आणि सेटअपला त्यांच्याबद्दल काही करता येत नाही. तुमच्या एका संगणकावर हाताने बसवताना त्या प्रत्येक खिडकीतली ‘या प्रकाशकावर नेहमी विश्वास ठेवा’ ही खूण करा. मग स्थानिक संगणकाच्या प्रमाणपत्रांच्या यादीत ‘ट्रस्टेड पब्लिशर्स’ उघडा. तिथे ती प्रमाणपत्रं आलेली असतील. ती .सीईआर फाइलींमध्ये बाहेर काढा. बाकीच्या संगणकांवर आर्डुइनोच्या ओळीच्या आधी प्रत्येक प्रमाणपत्रासाठी ‘सर्टयूटिल -ॲडस्टोअर ट्रस्टेडपब्लिशर’ आणि फाइलीचं नाव अशी एक ओळ टाका. त्यानंतर खिडकी येत नाही. पण हे करताना प्रमाणपत्रावरचं नाव नीट वाचा. त्या प्रकाशकाचा पुढचा प्रत्येक सही केलेला ड्रायव्हर आता तुमच्या ४५ संगणकांवर न विचारता बसणार आहे. ड्रायव्हरच्या सहीची तपासणीच बंद करण्याची युक्तीही लोक सांगतात, त्या वाटेला जाऊ नका.

सगळं मुकाट झालं की नवी अडचण उभी राहते: बसलं की नाही हे कसं कळणार? तुमच्या बॅच फाइलमध्ये हे कुठेच तपासलेलं नाही. प्रत्येक इन्स्टॉलर जाताना एक आकडा मागे ठेवतो, तो नोंदवा. ० म्हणजे झालं. पुढचे आकडे एमएसआयचे. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. बऱ्याच स्क्रिप्ट शून्याखेरीज सगळं अपयश धरतात आणि बसलेलं सॉफ्टवेअर परत परत बसवत राहतात. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झाला. १६१८ म्हणजे दुसरं कुठलंतरी एमएसआय त्याच वेळी बसतंय. एका वेळी एकच बसू शकतं, आणि रात्री तिथे बऱ्याचदा एखादं अपडेट असतं. हा दोष नाही, पाच मिनिटं थांबून परत प्रयत्न करा. १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’, एवढंच. त्यावर शोधत बसण्यापेक्षा लॉग उघडा आणि ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. त्याच्या वरच्या पाच-दहा ओळींत खरं कारण बहुधा सापडतं.

आकडा मिळण्यासाठी स्क्रिप्टने थांबलं पाहिजे. बॅचमध्ये स्टार्ट "" /वेट आणि मग सेटअप. ती रिकामी अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. स्टार्टला मिळालेला पहिला अवतरणातला मजकूर तो खिडकीचं शीर्षक समजतो, म्हणून अवतरणातला मार्ग थेट दिला तर सेटअप चालतच नाही. पॉवरशेलमध्ये स्टार्ट-प्रोसेसला -वेट आणि -पासथ्रू द्या आणि एक्झिटकोड वाचा. काही सेटअप स्वतः लगेच संपतात आणि काम दुसऱ्या प्रोसेसकडे सोपवतात. पॉवरशेलचं -वेट त्या पोराबाळांचीही वाट बघतं, म्हणून मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

आकड्यावरही पूर्ण विसंबू नका. शेवटी फाइल जागेवर आहे का आणि तिची आवृत्ती कोणती हे बघा, किंवा रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल विभागातली नोंद बघा. ३२ बिट सॉफ्टवेअरची नोंद वाव६४३२नोड खाली असते. मात्र विन३२_प्रॉडक्ट या क्लासला, म्हणजे विंडोजच्या माहिती देणाऱ्या यंत्रणेतल्या एका विभागाला, विचारून यादी काढू नका. यादी देता देता तो प्रत्येक एमएसआयची तपासणी करतो आणि काहींची दुरुस्तीही सुरू करतो. ४५ संगणकांवर सकाळी नऊ वाजता हे झालं की पहिला तास गेलाच.

उबुंटूचं लवकर सांगते, कारण तिथे मामला सोपा आहे. ॲप्ट-गेट या पॅकेज बसवणाऱ्या कमांडला -वाय (सगळ्याला ‘हो’) दिलं तरी डेबकॉन्फचे निळे पडदे येतात. ते पॅकेजचे प्रश्न विचारणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचे. डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह (प्रश्न विचारू नको) हे सुडोच्या, म्हणजे ॲडमिन अधिकार देणाऱ्या कमांडच्या, नंतर, त्याच ओळीत लिहा. आधी एक्स्पोर्ट केलेलं सुडो सहसा टाकून देतं, आणि तुमच्याकडे मध्येच प्रश्न येतात ते बहुधा यामुळेच. बदललेल्या कॉन्फिग फाइलीबद्दलचा प्रश्न डीपीकेजीचा, म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा, असतो, त्याला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय. २२.०४ मध्ये ‘कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करू’ असं नीडरीस्टार्ट विचारतं, त्याला नीडरीस्टार्ट_मोड=ए. ज्या पॅकेजला खरोखर उत्तर हवं असतं त्याचं उत्तर डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सने आधीच भरून ठेवा.

परवान्याबद्दलही एक. सायलेंट चालवता तेव्हा ‘आय ॲग्री’ तुम्ही संस्थेच्या वतीने म्हणत असता. सेव्हन-झिप, गिट, पायथन यांची काळजी नाही, पण विक्रेत्याच्या क्लायंटचा परवाना किती संगणकांसाठी आहे ते खरेदीच्या कागदावर बघून घ्या.

आज रात्रीसाठी माझा सल्ला असा. बायोमेट्रिक क्लायंट यादीतून काढा. बाकीचे सहा वरच्या स्विचसह, प्रत्येकाचा लॉग वेगळा, एका संगणकावर पीएसएक्झेकने दोनदा चालवा. दुसऱ्यांदा अशासाठी की आधीच बसलेल्या संगणकावर सेटअप वेगळे प्रश्न विचारतात आणि ४५ पैकी काहींवर जुनी आवृत्ती असणारच. खिडकी एकही आली नाही तर आणखी चार संगणक, आणि ते सकाळी नीट निघाले तर उद्या रात्री उरलेले ४०. क्लायंटसाठी विक्रेत्याला आजच लेखी विचारा: इन्स्टॉलर कोणत्या साधनाने बांधला आहे, सायलेंट स्विच कोणते, आत एमएसआय असेल तर तो वेगळा मिळेल का, आणि उपकरण न जोडता बसवता येतो का. उत्तर आलं की त्या खिडकीच्या फोटोसह इथे लिहा, पुढची ओळ मिळून लिहू.